पाहुणे येऊ द्या, पण रांधायचे त्यांनीच

नांदुऱ्याच्या हमरस्त्यावर १०५ फुटी मारुतीसमोर गाड्या थांबतात. माणसे उतरतात, मान वर करून हात जोडतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत शेगावच्या वाटेला लागतात. त्यांच्या खिशातला रुपया या तालुक्यात पडलाच तर चहाच्या गाड्यावर पडतो. हा रुपया शेतकऱ्याने अडवावा, शेतावर खोल्या कराव्यात, शहरातल्या कुटुंबांना चार दिवस राहायला बोलवावे, असे सरकार सांगते आहे. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. बैठकांतून आपली तरुण मुले याविषयी विचारू लागली आहेत. तेव्हा हिशेब एकदा मांडलेला बरा.

कापसाला भाव नाही म्हणून खोल्या भाड्याने द्या, हा सल्ला ज्या तोंडातून येतो त्या तोंडाकडे आधी नीट पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये हमीभाव जाहीर झाला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, आपली बोंडे फुटायच्या आत, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. मुदत आधी सप्टेंबरअखेर होती, ती वाढवून डिसेंबरअखेर केली. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात जायचा काळ! एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने पाहुणचाराचा धंदा शिकवायचा, हे आम्हाला मान्य नाही. घामाच्या दामाची मागणी खोलीच्या भाड्यात फिटत नाही. इटलीने १९८५ साली या धंद्याचा कायदा केला तेव्हा शेती मुख्य आणि पाहुणे जोडीला, असेच धरले होते. शिवाय तिथल्या शेतकऱ्याच्या पाठीशी युरोपच्या अनुदानाची भिंत आहे. आपल्या पाठीशी सोसायटी आणि सावकार.

तरीही हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तिच्यात माजघर शेती होती. पिकवले ते जसेच्या तसे बाजारात नेऊन टाकू नका, घरात त्याची किंमत वाढवा, हा तिचा मुद्दा. शेतावर राहायला आलेले कुटुंब म्हणजे आपल्या दारात आलेला ग्राहक. त्याला अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही.

पण बारामतीची नक्कल इथे चालणार नाही. २००५ साली पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी केंद्र उभे केले, त्याला पुणे जवळ होते; शनिवारी येऊन रविवारी परत जाता येते. मुंबईहून आपल्याकडे यायला रेल्वेची एक रात्र जाते. शेगावला संस्थानचे भक्त निवास स्वच्छ आणि स्वस्त आहे, नुसत्या खोल्यांत त्याच्याशी बरोबरी करण्याचा वेडेपणा कोणी करू नये. आपल्याकडे येईल ते लहान मुलांचे कुटुंब. दर्शन झाल्यावर ज्याला दोन-तीन दिवस अंगण हवे, झाड हवे, स्वतःची चूल हवी, असे.

चूल हाच खरा मुद्दा आहे. पाहुण्यांना दोन वेळचे जेवण, सकाळची न्याहारी आणि चार वेळा चहा, असे दर ठरवताना पुरुष मंडळी पटकन हो म्हणतात. रांधायचे कोणी? दिवाळीची सुटी आणि नाताळची सुटी म्हणजे ऐन वेचणीचे दिवस. जी बाई दिवसभर पऱ्हाटीत वाकून येते, तिने रात्री आठ जणांच्या भाकरी थापायच्या आणि पैसे धन्याच्या खिशात! असला धंदा उभा राहू नये, हेच बरे.

म्हणून पाहुण्यांना घर द्या आणि स्वयंपाकघरही द्या. धाब्याचे जुने घर रिकामे असेल तर त्याचीच डागडुजी करा. दोन खोल्या, ओटा, गॅसची शेगडी, भांडी, धुतलेल्या चादरी, स्वच्छ संडास, बाहेर तीन दगडांची चूल. एवढे पुरे. स्लॅब टाकायला, पोहण्याचा हौद बांधायला कर्ज काढू नका. पाहुणे आपले आपण रांधतील. आपण त्यांना ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, वांगी, अंडी, दूध विकायचे. एखाद्या संध्याकाळी गोवऱ्यांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी करून घालावी, पण तिचा वेगळा दर लावून. लक्ष्मीमुक्तीत ज्यांनी जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे केली त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी निदान या खोल्यांचा पैसा तिच्या खात्यात जमा करावा.

ज्वारीला यात मोठी जागा आहे. सोयाबीनने तिला शिवारातून हुसकले, तरी हुरड्याला मागणी आहे. एका पेऱ्याचा हुरडा आठ-दहा दिवसच खाण्याजोगा राहतो, मग दाणा टणक होतो. म्हणून गुळभेंडी किंवा फुले मधुरसारखे वाण दहा-दहा दिवसांच्या अंतराने थोड्या थोड्या तासांत पेरावेत. कणसे गेली तरी कडबा आपलाच. रानडुकरांचा बंदोबस्त मात्र आधी करा.

पाण्याचे खोटे बोलू नका. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पाहुण्याच्या लेकराला देता येत नाही, गोड्या पाण्याची सोय असेल तरच बोलवा. एप्रिल-मे वगळा, आपले ऊन शहरातल्या मुलांना सोसायचे नाही. आणि फवारणीच्या दिवसांत कोणालाही शेतात नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाहुण्याच्या पोराला जे चालत नाही ते आपल्या पोराला कसे चालते, हे बांधावर उभे राहून स्वतःला विचारा.

दाखवायला आपल्याकडे कमी नाही. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. खामगाव-बुलडाणा रस्त्यावर बोथ्याच्या जंगलात ज्ञानगंगा आहे, जिथे २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो कोस चालत आला. सिंदखेड राजा आणि लोणार लांब पडतात, त्यांना एक-एक दिवस हवा. अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी असते. तिच्या भाकितावर पेरणी ठरवू नये असे मी जन्मभर सांगत आलो आहे, पण पाहायला न्यायला हरकत नाही.

नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ज्यांना करायची आहे त्यांनी जिल्हा बैठकीला आठ-अ घेऊन यावे आणि घरच्या बाईला बरोबर आणावे. ती आली नसेल तर त्या घराचा अर्ज त्या दिवशी भरला जाणार नाही.