नांगरटीत निघालेला बेडूक विहिरीत टाकू नका

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळी नांगरट सुरू झाली की एखाद्या तासात ढेकळाबरोबर गोलमटोल, मातकट रंगाचा बेडूक वर येतो. बघणाऱ्याला वाटतं, पाण्यातला जीव, पाण्यावाचून तडफडतोय. मग दया येऊन तो उचलला जातो आणि थेट विहिरीत जातो. हेतू चांगला, परिणाम उलटा. हा बेडूक जमिनीत राहणारा आहे. सिमेंटच्या कड्या टाकलेल्या विहिरीतून त्याला वर चढता येत नाही, आणि पोहून पोहून दमला की तो बुडतो.

त्याला ओळखायचं कसं? मागचा पाय उलटा करून पाहावा. तळव्याला टाचेजवळ कुदळीच्या पात्यासारखा कडक उंचवटा असतो. त्यानं माती बाजूला सारत हा बेडूक पाठीकडून, म्हणजे उलटा, जमिनीत उतरतो. कोरडे महिने तो ओलसर मातीत दडून काढतो आणि पहिल्या दमदार पावसाला वर येतो. साचलेल्या डबक्यात अंडी घातली जातात आणि डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटावे लागतात. पावसानं मध्येच ओढ दिली तर सगळी पिढी जाते. त्याच्यासारखाच जमिनीत राहणारा, आखूड तोंडाचा आणि डिवचलं की फुगणारा दुसरा एक बेडूक आहे. त्याचं मुख्य खाणं वाळवी आणि मुंग्या. वाळवीवर औषध ओतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

नांगरटीत असा बेडूक सापडला तर हात ओले करून उचलावा. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणी ओढतो, त्यामुळं फवारणीचे किंवा खताचे हात त्याला लावू नयेत. बांधाच्या सावलीत, भुसभुशीत मातीवर ठेवला की बाकीचं काम तोच करतो. घरी बादलीत ठेवू नये. नंतर हात साबणानं धुवावेत. बेडूक मुतला की चामखीळ येते हे मात्र खोटं आहे. चामखीळ विषाणूमुळं येते.

पहिल्या पावसात मोबाईलवर फिरणारे पिवळेधमक बेडूक वेगळे. ते मोठ्या डराव बेडकाचे नर. विणीच्या काळात त्यांचा रंग पिवळा होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात आणि काही दिवसांत रंग उतरतो. "विषारी आहेत" म्हणून त्यांना दगड मारणं हा निव्वळ अडाणीपणा. ते किडे खातात, सापडलं तर उंदराचं पिल्लूही सोडत नाहीत. याच बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात देशानं 1987 मध्ये बंद केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, त्यामुळं भाजून खायला पकडणंही गुन्ह्यात बसतं.

पण दगड मारणाऱ्यांपेक्षा मोठा धोका आता शेतातच तयार झालाय. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर या भागात शेततळी वाढली. पाणी मुरू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात. बागा जगल्या त्या याच पाण्यावर, त्यात वाद नाही. मात्र कागद गुळगुळीत आणि उतार तीव्र. पाण्याच्या वासानं उतरलेला बेडूक, सरडा, ससा वर येऊ शकत नाही. उन्हाळ्यात पोहायला गेलेली पोरंही अशाच तळ्यांत बुडतात, आणि कारण तेच असतं, वर यायला पकड नाही.

उपाय स्वस्त आहे. काथ्याचा जाड दोर किंवा जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या काठावरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडायच्या. चारही बाजूंनी, पाणी उतरलं तरी टोक पाण्यात राहील इतक्या लांब. गाठी मारलेला दोर माणसाला धरता येतो, गोणपाटावरून बेडूक चढतो. म्हणून दोन्ही हवेत. नुसता नायलॉनचा दोर बेडकाच्या कामाचा नाही.

आणखी एक. डबक्यातली पिल्लं आटणाऱ्या पाण्यातून काढून शेततळ्यात सोडायचा मोह होतो. तळ्यात मासे सोडलेले असतील तर ती त्यांचं खाद्य होतात. त्यापेक्षा पेरणीच्या घाईत डबक्यातून ट्रॅक्टर घालायचं टाळलं आणि तणनाशकाचा पंप त्यात धुतला नाही, तर पुढच्या मृगात बांधावर आवाज घुमेल.