तज्ज्ञ कोणाचे?

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा दूरचित्रवाणीवरील चर्चा मी नेमाने ऐकल्या. ‘तज्ज्ञ’ महाशयांचा पक्ष ओळखला, की मत आपोआप ओळखू येई!

इतिहासाने मात्र कोणाचीच सोय पाहिलेली नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून नव्या नोकरांची जुनी पेन्शन थांबवली वाजपेयी सरकारने. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून ती थांबली, तेव्हा राज्य काँग्रेस आघाडीचे. २०२२ मध्ये राजस्थानात काँग्रेसने ती परत आणायचे ठरवले, तर काँग्रेसच्याच काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेल्या माँटेकसिंग अहलुवालियांनी या माघारीवर कडक टीका केली. (ती पटो न पटो, त्यांनी पक्षाची री ओढली नाही.)

आमच्या येरवड्यात कारागृह आहे, मनोरुग्णालय आहे. संपाच्या वेळी तिथे एकाच पाळीत काम करणाऱ्या दोघांपैकी २००५ पूर्वी लागलेल्याची पेन्शन ठरलेली होती, नंतरच्याची बाजाराच्या चढउतारावर. प्राध्यापक-कक्षातही तीच रेघ होती. तिजोरीवर बोजा किती आणि तो कोणी उचलायचा, एवढेच त्या दोघांना ऐकायचे होते. त्यांना ऐकू आली ती पक्षांची उणीदुणी.

वाहिन्यांनी तज्ज्ञाच्या नावाखाली ‘विश्लेषक’ लिहिताना तो कोणत्या पक्षाचे काम करतो आणि त्याची स्वतःची पेन्शन कोणती, हेही लिहावे.