तांदळाची मूठ

महिनाअखेर आली की दानधर्माचा विचार आपण पुढच्या पगारावर ढकलतो. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी हा प्रश्न चुलीपाशीच निकालात काढला आहे. भात टाकण्याआधी मोजून घेतलेल्या तांदळातला मूठभर बाजूला काढायचा आणि चर्चसाठी ठेवलेल्या वेगळ्या डब्यात टाकायचा. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक. नंतर चर्चच्या महिला मंडळातल्या बायका दारोदार जाऊन हे तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि तो पैसा चर्चच्या कामाला लागतो. ‘बुहफाइ थम’ नावाची ही प्रथा 1910 पासून चालू आहे. तेव्हा बाईच्या हाती रोकड कुठली असायला? पण तांदळाचं माप तिच्याच हातात होतं! आज या मुठींची वर्षाची बेरीज कोटींत जाते. मला भावतो तो मुठीचा क्रम. उरलंसुरलं द्यायचं म्हटलं की हिशेब आला, आणि हिशेबात कधीच काही उरत नाही. इथे मूठ आधी निघते, भात मागाहून शिजतो. येशूने आकाशातल्या पाखरांकडे बोट दाखवून ‘उद्याची चिंता करू नका’ म्हटलं, ते पगारदार माणसाला जरा अवघडच जातं. विम्याचा हप्ता काही पाखरं भरत नाहीत. पण एक मूठ काढल्याने घरातलं कुणी उपाशी राहत नाही, हे त्या बाईला दिवसातून दोनदा, स्वतःच्या पातेल्यात दिसतं. एरवी तिलाही मुलांच्या फीची काळजी असतेच.