मेंटेनन्स परेड घरच्या कॉम्प्युटरचीही हवी

सध्या मी जबलपूरला आहे. इथल्या कारखान्यांत ‘शारंग’ तोफेचं काम चालतं. जुन्या तोपचींना सांगायला नको, ही मूळची सोव्हिएत बनावटीची १३० मिलिमीटरची एम-४६. १९७१ च्या लढाईत ती आपल्याकडे होती. तिला १५५ मिलिमीटरची नळी बसवली आणि २७ किलोमीटरचा मारा ३६ च्या पुढे नेला. जुनी झाली म्हणून कुणी भंगारात घातली नाही. आणि याच फौजेतून रिटायर झालेला माणूस घरचा आठ-नऊ वर्षांचा कॉम्प्युटर दुकानदाराच्या एका वाक्यावर देऊन टाकतो. याचा मला राग येतो.

ते वाक्य असं: ‘विंडोज १० बंद झालं, आता नवीनच घ्या.’

बंद काय झालं ते नीट समजून घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. त्या रात्री कुणाचं मशीन बंद पडलं नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केली, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळण्याची सोय आहे. दुकानदार हे सांगत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. म्हणजे मशीन खराब झालेलं नाही, त्याचं नाव फक्त यादीत नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याकडच्या एका रिटायर्ड सुभेदार साहेबांचा फोन आला. दुकानात नवीन मशीन ठरलं होतं, जुनं एक्स्चेंजमध्ये जाणार होतं. मी विचारलं, “साहेब, हार्ड डिस्क काढून ठेवली का?” ते म्हणाले, “ती आतच असते ना रे?” त्या डिस्कवर त्यांचा पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पासबुक, सगळ्याचं स्कॅन होतं. नोकरीभर कागद सांभाळलेला माणूस ते सगळं अनोळखी हातात द्यायला निघाला होता. फाइल डिलीट केली की पुसली जाते, हा गैरसमज आहे. साध्या सॉफ्टवेअरने ती पुष्कळदा परत काढता येते.

त्यांचं मशीन सहाव्या पिढीचं आय-३, रॅम ४ जीबी. ते मंद होतं, कारण आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. गावातल्याच पोराकडून एसएसडी बसवून घेतली. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. घड्याळ सारखं मागे जायचं, म्हणून मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल नवा टाकला. आता ‘स्पर्श’चं पान उघडेपर्यंत चहा गार होत नाही.

काही मित्र म्हणतील, सिक्युरिटीचं काय? बरोबर आहे. अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर बँकेचं काम करू नये. पण त्यावर नवीन मशीन हा एकच इलाज नाही. लिनक्स मिंट फुकट आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालतं, मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंगही होतं. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत, मग आपल्याला कसली भीती? एक मात्र तपासा: टॅली किंवा बोटाच्या ठशाचं यंत्र वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालतंच असं नाही.

रायफलला पुलथ्रू आणि चिंदी फिरवल्याशिवाय आपण कोतमध्ये जमा करत नव्हतो. घरच्या मशीनला निदान सहा महिन्यांतून एकदा तेवढं करा. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्लग काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारा. पैसे घालायचे तर पहिले एसएसडीत घाला. रॅम सध्या महागली आहे, ती गरज पडली तरच वाढवा.

मदरबोर्डच गेला, पार्ट मिळेना, तर नवीन जरूर घ्या. त्यावेळी जुनी डिस्क काढून घरी ठेवा. पण त्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: नेमका कुठला पार्ट खराब झालाय? त्याला पार्टचं नाव सांगता आलं नाही, तर मशीन उचला आणि घरी या.