जूनची घंटा व पालकांचे कर्तव्य

विदर्भ सोडला तर महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि मृगाचा पाऊसही त्याच सुमारास येतो. म्हणजे ज्या आठवड्यात गुरुजींस फळ्यासमोर मुले हवी असतात, नेमक्या त्याच आठवड्यात बापास पाभरीमागे माणूस हवा असतो. हा झगडा आजचा नव्हे. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व धडगाव या सहाही तालुक्यांतील शिक्षकांस तो पूर्ण परिचयाचा आहे. पेरणीच्या घाईत मूल चार दिवस घरी राहिले तर आकाश कोसळत नाही, हे मी प्रथमच सांगून टाकतो. परंतु चाराचे चौदा होतात, चौदाचा महिना होतो, आणि मग ते मूल वर्गात येते तेव्हा त्याची जागा दाराजवळच्या शेवटच्या रांगेत ठरलेली असते. तेथून ते पुढे सरकले असे क्वचितच घडते.

पहिल्या पंधरवड्यात काही विशेष शिकवीत नाहीत, अशी पुष्कळ पालकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांस बालभारतीची पुस्तके विनामूल्य मिळतात, ती याच दिवसांत वाटली जातात. माध्यान्ह भोजनाची यादीही तेव्हाच होते. याहून महत्त्वाचे म्हणजे नवे मूल कोणाशेजारी बसते, कोणाशी बोलू लागते, हेही तेव्हाच ठरते. पहिलीत आलेले मूल घरी मावची बोलते, नाहीतर पावरी, भिली, अहिराणी अथवा गुजरी बोलते. पुस्तकातील मराठी त्यास अर्धी परकी असते. शेजारी त्याच्याच बोलीचा एखादा सोबती बसला की त्याची भीती निम्मी उतरते. कित्येक पालक आम्हांस येऊन विचारतात की, आता घरी आमची बोली बंद करावी काय? मुळीच करू नये. आजीच्या तोंडून गोष्टी ऐकून ज्याचा कान तयार झाला आहे, त्यास मराठीही लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

आता प्रवेशाच्या कागदांविषयी. आपल्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थांस जन्मतारीख विचारली तर पुष्कळ जण १ जून सांगतील. त्या एकाच दिवशी खानदेशात इतके पाळणे कसे हलले, असा प्रश्न परक्या माणसास पडावा! कारण साधे आहे. आईबापांस तिथी आठवत नसे. ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ एवढेच ते सांगत, आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची सोयीची तारीख लिहून मोकळे होत. त्या काळी त्यात कोणाचे बिघडले नाही. आज बिघडते. शिष्यवृत्ती, आधार, बँकेचे खाते, पुढे नोकरी, सर्वत्र तीच तारीख व तेच नाव अक्षरशः जुळावे लागते. एका भावाचे आडनाव वसावे व दुसऱ्याचे वसावा, बाप पावरा तर मुलगी पावरे, अशा नोंदी आम्ही नित्य पाहतो. जात पडताळणी समिती वडिलांच्या व आजोबांच्या शाळेतील नोंदी मागते, तेव्हा या एका काना-मात्रेपायी हुशार मुलामुलींस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून माझी विनंती अशी की, प्रवेशाच्या वेळी मुलाचे नाव जनरल रजिस्टरात कसे लिहिले ते स्वतः वाचून पाहावे. वाचता येत नसेल तर आम्हांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांत ८२ माणसे साक्षर निघाली, आपल्या जिल्ह्यात मात्र ६४; वाचता न येणारा पालक येथे एकटा नाही.

ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. तसेच १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, मुलाच्या नावामागून प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे व शेवटी आडनाव लिहावयाचे आहे. ज्या बाईने मुलास डोंगर उतरून शाळेपर्यंत आणले तिचे नाव दाखल्यावर यावयास इतकी वर्षे लागली, हेच नवल. मात्र दाखला नाही म्हणून मूल घरी ठेवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नसल्यामुळे सहा ते चौदा वयाच्या मुलास प्रवेश नाकारता येत नाही. प्रथम मूल आणावे. कागद मागून पाहू.

प्रकृतीविषयीही शाळेशी मोकळेपणाने बोलावे. आपल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. तो आईबापांकडून येतो, स्पर्शाने पसरत नाही, आणि तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे. असे मूल थंडीत, अतिश्रमाने अथवा पाणी कमी प्यायल्याने हातापायांच्या असह्य वेदनांनी तळमळू लागते. वर्गशिक्षकास हे ठाऊक नसेल तर तो त्यास आळशी समजतो, आणि कवायतीच्या तासास उन्हात उभे करतो. ठाऊक असेल तर पाण्याची बाटली बाकावर ठेवू देतो, विसावा देतो, व वेळीच दवाखान्यात धाडतो. २०२३ साली या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून रक्ताची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. मुलीचे लग्न अडेल या भयाने काही घरे हे लपवितात. ते भय मी समजू शकतो. परंतु लपविल्याने आजार जात नाही, वेदना मात्र वाढतात.

ख्रिस्ती नसलेल्या काही पालकांच्या मनात एक शंका असते. ती ते बोलून दाखवीत नाहीत, म्हणून मीच तिचा उल्लेख करितो. मिशनच्या शाळेत मुलास बायबलच्या तासास बसणे भाग आहे काय? नाही. भारताच्या संविधानाचे अठ्ठाविसावे कलम याविषयी स्पष्ट आहे. शासनमान्य अथवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलास धर्मशिक्षण देता येत नाही, की उपासनेस बसविता येत नाही. ज्यांची इच्छा नसेल त्यांनी मुख्याध्यापकांस सांगावे. त्यापायी त्यांच्या मुलाकडे कोणी वाकड्या डोळ्याने पाहू नये, ही जबाबदारी आम्हां शिक्षकांची आहे. जी श्रद्धा दडपणाने शिकवावी लागते तिच्यात जीव राहत नाही, असे मला ख्रिस्ती या नात्यानेही वाटते.

फी, गणवेश व वह्या यांविषयी फलकावर लिहिलेले असतेच. दप्तरात मोबाईल नसावा. नदीनाल्यास पूर असेल त्या दिवशी मूल पाठवूच नये. त्या गैरहजेरीचा जाब कोणी विचारणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली तिच्याकडे वळतो. जूनमधील गैरहजेरी भरून निघते. दिवाळीनंतरची भरून निघत नाही. दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोली, मढी, चलथाण यांच्या मुलखात उतरतात. होळीस काही जण चार दिवस गावी येतात. बाकीचे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा महाराष्ट्रात पुन्हा सुरू झाली आहे. पाच महिने पडावावर राहिलेले मूल त्या परीक्षेस कोणत्या बळावर बसणार?

पालक म्हणतात, ‘गुरुजी, आधी पोट की आधी पुस्तक?’ प्रश्न खरा आहे, आणि भरल्या पोटाने त्याचे उत्तर देणे मला शोभणार नाही. तथापि हिशेब नीट मांडून पाहू. ऊसतोडीत मजुरीचा करार ‘कोयत्या’वर होतो, व एक कोयता म्हणजे सामान्यतः एक जोडपे. मुकादम उचल देतो ती त्या जोडप्यास देतो. बारा वर्षांची मुलगी सोबत गेली म्हणून उचल वाढत नाही. ती तेथे काय करते? पहाटे आईबाप फडात गेले की झोपडीपाशी धाकट्या भावास सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते, मोळ्या बांधू लागते. म्हणजे तिच्या जाण्याने पैसा फारसा येत नाही. ती जाते याचे कारण गावी तिला कोणापाशी ठेवावे हा प्रश्न सुटलेला नसतो, आणि धाकट्यास कोण पाहील हाही सुटलेला नसतो. पोटाच्या प्रश्नाआड खरोखर निवाऱ्याचा व राखणीचा प्रश्न लपलेला आहे. पोटाचा प्रश्न शाळेच्या हाती नाही. हा दुसरा मात्र पुष्कळ अंशी आपल्या सर्वांच्या हाती आहे.

तो सोडविण्याचे मार्गही आहेत. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची शासनाची योजना आहे. परंतु ते वसतिगृह मुलांची यादी अगोदर गेली तरच वेळेवर उघडते. आजीआजोबा गावी असतील तर मूल त्यांच्यापाशी राहू शकते, आणि त्याच्या शिध्याची तजवीज घरच्यांनी निघण्यापूर्वी करावी. ज्या गावी आपली मंडळी आहे तेथे पाळकसाहेबांनी व वडीलजनांनी एकेका घरी एकेक मूल हंगामापुरते ठेवून घेण्याचा विचार करावा. पाहुण्यास भाकरी वाढणे हे आपल्या डोंगरातील लोकांस कोणी शिकवावयास नको. काहीच जमले नाही व मूल न्यावेच लागले, तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेऊन जावे. त्यात मूल कोठवर शिकले याची नोंद असते. जवळ शाळा सापडली तर तेथे बसवावे, आणि परतल्याबरोबर आमच्याकडे आणावे. नाव कमी झाले असेल, आता कोण घेणार, या संकोचाने पुष्कळ मुले कायमची सुटतात. कायद्याप्रमाणे त्यांस वयास योग्य अशा वर्गात घ्यावेच लागते.

येथे एक अडचण आहे, आणि ती आम्हां शिक्षकांच्या बाजूची आहे. आम्ही पालकांस विनवावयास जातो ते दिवाळीच्या सुटीनंतर, ट्रक गावाच्या तोंडाशी उभा असताना. तेव्हा बोलून उपयोग काय? उचल त्यापूर्वीच घेतलेली असते, पुष्कळदा पावसाळ्यात, घरातील दाणा संपलेला व नवे पीक यावयाचे असते तेव्हा. उचल घेताना कोण कोण जाणार हे मनात ठरते, आणि त्याच वेळी मुलीची शाळाही ठरून जाते. म्हणून बोलणे झाले पाहिजे ते श्रावणात.

विद्यार्थिमित्रहो, यात तुम्हांसही काम आहे. आपल्या पाड्यावरील कोण जाणार आहे हे गुरुजींपेक्षा तुम्हांस आधी कळते. ते चहाडी म्हणून नव्हे, सोबत्याची जागा राखण्यासाठी आम्हांस सांगा. आणि पालकहो, ज्यांच्या घरी यंदा कोयता घेण्याचा विचार असेल त्यांनी पोळ्यापूर्वी एकदा शाळेत यावे. बाजाराच्या दिवशी आलात तरी चालेल. अंगावरचे कपडे कसे आहेत, हे कोणी पाहणार नाही. मुलांची नावे, ती कोठे राहू शकतील, घरी कोण मागे राहणार, एवढे सांगितले म्हणजे वसतिगृहाची यादी आम्ही वेळेवर पाठवू शकू.