गुरू-शनीचा झोका

शनीचं नाव निघालं की आपल्या घरांत मराठीतून ‘साडेसाती’ आणि कन्नडमधून ‘शनि काट’ ऐकू येतं. भाषा दोन, धास्ती एकच. पण या शनीलाही गुरूच्या ओढीनं मागंपुढं व्हावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

गुरूची सूर्याभोवती एक फेरी सुमारे ११.९ वर्षांत होते, शनीची २९.५ वर्षांत. म्हणजे ५९ वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ एकदमच पुऱ्या होतात. नागपंचमीचा झोका, कन्नडमधली जोकाली, आठवून पाहा. भलत्या वेळी जोर लावला तर झोका अडखळतो; लयीत दिलेला हलका धक्काही साठत जातो. या दोन ग्रहांचं एकमेकांना ओढणं असंच साठत जातं.

जुन्या नोंदी पडताळताना युरोपातल्या ज्योतिर्विदांना सतराव्या शतकात दिसलं, की गुरूचा वेग वाढतोय आणि शनीचा मंदावतोय. असंच चाललं तर गुरू सूर्याकडे सरकणार, शनी दूर जाणार! १७८५ साली फ्रान्सच्या लाप्लास यांनी हे कोडं सोडवलं. पाच-दोनचा मेळ किंचित चुकतो, म्हणून धक्क्याची दिशा हळूहळू पालटते. सुमारे ९०० वर्षांत एक आवर्तन होतं आणि गेलेला वेग परत मिळतो.

डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याला माझी मावशी असते. साडेसाती म्हणून तिच्या लेकीचं लग्न दोन वर्षं थांबलं होतं. मी तिला वहीवर हिशेब मांडून दाखवला. बारा राशींना साडेएकोणतीस वर्षं, म्हणजे एका राशीत अडीच आणि तीन राशींची साडेसात. म्हणजे कधीही पाहिलं तरी बारांपैकी तीन राशींना, साधारण चारांतल्या एकाला, साडेसाती असतेच. मावशी म्हणाली, “अगं, मग तेवढ्या सगळ्यांची लग्नं थांबतात होय?” पुढच्याच आठवड्यात तिनं मुलाकडच्यांना निरोप धाडला.

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू-शनी अगदी चिकटल्यासारखे दिसले होते, तरी त्यांच्यात सुमारे ७३ कोटी किलोमीटर अंतर होतं. अशी युती साधारण वीस वर्षांनी येते. पुढची २०४० मध्ये. तोवर वाट कशाला पाहायची? पंचांगात दोघे कुठल्या राशीत आहेत ते बघा आणि रात्री गच्चीवरून मुलांना दाखवा.