इमारत हलवा, काठ सोडा



वीतभर बांध कोरला म्हणून आपण सख्ख्या भावाला कोर्टात खेचतो. तळ्याकाठची एकरभर सार्वजनिक जागा इमारतीखाली गेली, की मात्र म्हणतो, 'सरकारची होती, आपलं काय गेलं?'

काय गेलं ते ऐका. काठावरचं गवत गाळ अडवतं. ते उखडून तिथं काँक्रीट ओतलं की माती पाण्यात जाते, तळं उथळ होतं, साठा घटतो. टंचाईत पिण्याचं पाणी आधी राखलं जातं, ते रास्तच. पण घटलेल्या साठ्याचा फटका आपल्याच पाटाला बसतो.

सिद्धेश्वर तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदवलं, असं सोलापूर मानतं. जवळचं होम मैदान मोकळं राहिलं म्हणून संक्रांतीला गड्डा भरतो. उजनीसाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या त्या पाण्यासाठी, हॉटेलाच्या गच्चीसाठी नव्हे.

इमारतीला विरोध नाही. संग्रहालय बांधा, विश्रामगृह बांधा. प्रश्न जागेचा आहे. त्या इमारतीला पाणी लागतं, की नुसता पाण्याचा देखावा? देखाव्यासाठी सर्वांचा काठ एकाच्या कुंपणात कशाला?

'जागा पडीकच आहे' ही पळवाट जुनी आहे. अमेरिकेत शिकागो शहरानं २०१४ साली चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या संग्रहालयासाठी मिशिगन सरोवराचा काठ देऊ केला. तिथं मोटारी उभ्या राहतात, बाग कुठं आहे, असं समर्थक म्हणाले. बागा राखणाऱ्या नागरिकांनी दावा लावला: आज मोटारी असल्या तरी काठ जनतेचाच. २०१६ साली लुकास यांनी ती जागा सोडली.

आपल्याकडेही कायदा हेच सांगतो. बियास नदीकाठच्या मोटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली स्पष्ट केलं, की अशा संपत्तीचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. २०११ साली त्याच न्यायालयानं गायरान, तळी अशा गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. विश्वस्तानं ठेव विकली तर त्याला आपण काय म्हणतो?

तेव्हा काठावर खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, की आधी सातबारा काढा. जमीन कोणत्या कामासाठी संपादित झाली ते विचारा. आधीच बांधकाम झालेली, वापराविना पडलेली सरकारी जागा शोधून तिचा गट नंबर पुढं ठेवा. पर्यायी जागा तपासल्याशिवाय मंजुरी नाही, असा ठराव ग्रामसभेत लेखी करून घ्या.

बांधासाठी भांडलो तेवढं पुरे. आता काठासाठी भांडू.